फवारणी पंपाचा स्पीड कमी करायला लिनिअर का पीडब्ल्यूएम? सिम्युलेशनचं उत्तर वेगळं अन् हाताला चटका वेगळाच

केळीवाला_चोपडा

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण अर्धवट सांगितलं तर कोणालाच काही कळणार नाही म्हणून सगळं लिहितो.

घरी चोपडा तालुक्यात केळी अन् थोडी कपाशी, मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. पाठीवरचा बॅटरीचा पंप आहे, १६ लिटरची टाकी, १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी. त्याचं स्पीड कमी-जास्त करायचं बटण मागच्या पावसाळ्यात पाणी जाऊन गेलं, तेव्हापासून मोटर फुल स्पीडवरच चालते अन् लहान रोपांवर औषध वाया जातं. बाबा म्हणाले तू शिकतोय ना हेच, मग कर.

पहिल्यांदा लिनिअर केलं, म्हणजे २एन३०५५ चा ट्रान्झिस्टर अर्धवट चालू ठेवायचा, बेसला व्हॉल्यूम (फिरवायचं बटण). स्पीड एकदम मस्त कमी-जास्त होतो, पण ट्रान्झिस्टर इतका तापतो की शेजारचं प्लास्टिकचं झाकण वाकलं. बॅटरीही फुल स्पीडच्या मानाने जेवढी जास्त टिकायला पाहिजे तेवढी टिकत नाही. मग मित्र म्हणाला पीडब्ल्यूएम कर, म्हणजे मोटर पटापट चालू-बंद करायची, तर ५५५ ची टायमर आयसी अन् आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) घेऊन केलं, २० किलोहर्ट्झ ठेवली म्हणजे मोटरची शिट्टी ऐकू येत नाही, गेटला (मॉस्फेट चालू-बंद करायचा पाय) १० के ची रेझिस्टन्स टाकली सेफ्टी म्हणून. तर हा पण तापतो!! जवळपास तेवढाच.

मग म्हटलं आधी एलटीस्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) बघू. फुल स्पीडला मोटर ३ अ‍ॅम्पियर घेते म्हणून मोटरच्या जागी लोड ४ ओहम धरला. लिनिअरमध्ये लोडला ६ व्होल्ट ठेवले, तर लोडमध्ये ९ वॅट अन् ट्रान्झिस्टरमध्ये पण ९ वॅट. स्विचिंगला म्हणजे पीडब्ल्यूएमला लायब्ररीतला साधा स्विच घेतला, ५० टक्के ड्युटी (अर्धा वेळ चालू), तर लोडमध्ये ११.५२ वॅट अन् स्विचमध्ये २.८८ वॅट. आता मला तीन गोष्टी कळत नाहीत. एक, दोन्हीकडे निम्मंच केलंय तर लोडचे वॅट वेगळे कसे. दुसरं, पुस्तकात म्हणतात स्विचमध्ये लॉस जवळजवळ नसतोच मग हे २.८८ कुठून आले. तिसरं, सिम्युलेशनमध्ये ९ अन् २.८८ एवढा फरक असताना प्रत्यक्षात दोन्हीला हात का लावता येत नाही. कोणीतरी समजावून सांगा, सबमिशनसाठी नाही विचारत, करप्याची फवारणी तोंडावर आलीय.

जुना_रिपेअरवाला_जळगाव

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो भो, बाकीचं शिकलेले लोक देतील. गेटची १० के काढून फेक. १०० ओहम लाव. सेफ्टी म्हणून लावलेली तीच तुझा मॉस्फेट मारून राह्यली.

मॉस्फेटचा गेट म्हणजे एक छोटा कपॅसिटर समज. तो भरल्याशिवाय मॉस्फेट पूर्ण चालू होत नाही अन् रिकामा झाल्याशिवाय पूर्ण बंद होत नाही. बारीक नळीने हौद भरायला घेतला तर भरेस्तोवर लाईट जाते, तसं. २० किलोहर्ट्झला सेकंदाचे वीस हजार वेळा भरायचं अन् रिकामं करायचं, १० के मधून ते होतच नाही.

अन् मोटरला उलटा डायोड लावलाय का ते सांगितलं नाही. सीझनला माझ्याकडे असे पंप ढिगाने येतात, जळालेल्या बोर्डात एक तर पाणी गेलेलं असतं नाहीतर तो डायोड उडालेला असतो. १एन४००७ लावला असशील तर तोही बदल, तो घरच्या ५० हर्ट्झच्या कामाचा आहे, २० किलोहर्ट्झला बंद व्हायला वेळ लावतो. १एन५८२२ घे, शॉटकी (झटपट बंद होणारा) आहे, ३ अ‍ॅम्पियर ४० व्होल्ट, कुठेही मिळतो.

मास्तर_धुळे

प्रश्न नीट आकडे देऊन विचारलात हे फार बरं केलंत, त्या आकड्यांतच उत्तर आहे. क्रमाने घेऊ.

तुमचे २.८८ अन् ११.५२ यांचा भागाकार करा. बरोबर पाव येतो. लोड ४ ओहम आहे म्हणजे तुमचा स्विच १ ओहमचा आहे! एलटीस्पाइसच्या स्विचच्या मॉडेलमध्ये चालू असतानाचा रेझिस्टन्स तुम्ही लिहिला नाही तर तो आपणहून १ ओहम धरतो. बाराला पाचाने भागा, २.४ अ‍ॅम्पियर, त्याचा वर्ग ५.७६, अर्धा वेळ चालू म्हणून २.८८. म्हणजे सिम्युलेशनने गणित अचूक केलं, फक्त ज्या स्विचचं केलं तो तुमच्या पंपात नाही. आयआरएफझेड४४एन ला गेटवर १० व्होल्ट दिले की त्याचा रेझिस्टन्स डेटाशीटप्रमाणे (कंपनीचं माहितीपत्रक) जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम. मॉडेलमध्ये ०.०१७५ टाका, लोडला १७.८४ वॅट मिळतील अन् स्विचमध्ये राहतील ०.०८ वॅट. पुस्तकातलं 'जवळजवळ नसतोच' ते हे.

आता पहिला प्रश्न, अन् इथे वर्गात निम्मी मुलं अडकतात. लिनिअरमध्ये लोडला सतत ६ व्होल्ट मिळतात, पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर जाते म्हणून ३६ वॅटचा लोड ९ वर येतो, पाव. पीडब्ल्यूएममध्ये लोडला अर्धा वेळ पूर्ण १२ व्होल्ट अन् अर्धा वेळ शून्य, म्हणजे अर्धा वेळ ३६ वॅट, सरासरी १८, निम्मे. दोन्हीची सरासरी ६ व्होल्टच, पण रेझिस्टन्सला सरासरी व्होल्टेज कळत नाही, त्याला वर्गाची सरासरी कळते. म्हणून ५० टक्के ड्युटी अन् ६ व्होल्ट यांची तुलना करूच नका, लोडला सारखे वॅट देऊन मग बघा की बाकीचे कुठे गेले. लोडला १८ वॅट हवे असतील तर लिनिअरला ८.४९ व्होल्ट द्यावे लागतात, करंट २.१२ अ‍ॅम्पियर, उरलेले साडेतीन व्होल्ट ट्रान्झिस्टरवर, त्यात ७.४६ वॅट जळतात. बॅटरीकडून साडेपंचवीस घेतले तेव्हा लोडला अठरा पोचले. पीडब्ल्यूएममध्ये तेच अठरा पोचवायला अठराच्या किंचित वर लागतात.

यातूनच एक चूक होते. मल्टीमीटर डीसीवर ठेवून पीडब्ल्यूएमचे व्होल्ट मोजले तर ६ दाखवेल, त्याचा वर्ग करून ४ ने भागलं तर ९ वॅट येतात अन् खरे असतात १८. सिम्युलेशनमध्ये पण सरासरी व्होल्टेज गुणिले सरासरी करंट करू नका, क्षणाक्षणाचा गुणाकार आधी अन् मग सरासरी. ऑल्ट दाबून पार्टवर क्लिक केलं की त्याच्या पॉवरचा ग्राफ येतो, मग ग्राफच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की सरासरी मिळते. पण आधी सुरुवातीचा गोंधळ सोडून द्या, सर्किट स्थिरावल्यानंतरच्या पूर्ण सायकलवर झूम करा, नाहीतर आकडा चुकेल.

लिनिअर तापतो कशामुळे ते एका ग्राफात दिसतं, व्होल्टेज शून्यापासून १२ पर्यंत हळूहळू चढवा अन् ट्रान्झिस्टरची पॉवर बघा. पूर्ण बंद असताना करंट नाही म्हणून शून्य, पूर्ण चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज नाही म्हणून जवळजवळ शून्य, अन् मध्ये टेकडी. टेकडीचा माथा बरोबर निम्म्या व्होल्टेजला, ९ वॅट. ३ व्होल्टला ६.७५, ९ व्होल्टला पण ६.७५. स्विचिंगची युक्ती एवढीच की टेकडीच्या दोन्ही पायथ्यांना राहायचं अन् मधला माथा पळत ओलांडायचा.

आता तिसरं, रिपेअरवाल्या दादांनी अचूक पकडलं. त्यांचाच हिशोब आकड्यात मांडतो. डेटाशीटमध्ये गेट-ड्रेनचा (ड्रेन म्हणजे मोटरकडचा पाय) चार्ज, ज्याला मिलर चार्ज म्हणतात, तो कमाल २३ नॅनोकूलॉम दिलाय पण ते ४४ व्होल्टला, आपल्या १२ व्होल्टला १५ धरू. ५५५ बारा व्होल्टवर साधारण साडेदहा व्होल्ट देतो, चार-साडेचार व्होल्टला गेट अडकून बसतो, म्हणजे १० के मधून ०.६ मिलिअ‍ॅम्पियर जातो. १५ नॅनोकूलॉमला २५ मायक्रोसेकंद. बंद होताना ०.४५ मिलिअ‍ॅम्पियर, ३३ मायक्रोसेकंद. बेरीज ५८. अन् २० किलोहर्ट्झची पूर्ण सायकलच ५० मायक्रोसेकंदाची! तुमचा मॉस्फेट टेकडी ओलांडतच नाही, माथ्यावरच फिरतोय. नाव पीडब्ल्यूएम आहे पण बोर्डावर तुम्ही दुसऱ्यांदा लिनिअर कंट्रोलच बनवलाय, म्हणून दोन्हीचा चटका सारखा. १०० ओहम लावलं की हेच ५८ मायक्रोसेकंद ०.५८ वर येतात.

सिम्युलेशनमध्ये हे का दिसलं नाही? कारण साध्या स्विचला गेटच नसतो. तो आदर्श आहे, सांगितलं की लगेच उघडतो. कंपनीचं मॉस्फेट मॉडेल घाला, मध्ये १० के ठेवा, पल्सचा राईज टाईम शून्य लिहू नका (शून्य लिहिलं की सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाचा आकडा घेतं), १०० नॅनोसेकंद लिहा. कमाल टाइमस्टेपही बारीक द्या, ५० नॅनोसेकंदाच्या आसपास. अन् एक जुनी खोड लक्षात ठेवा, स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली, मेगा लिहायला एमईजी, एम लिहून मेगा समजलात तर उत्तर कुठल्याकुठे जाईल. १९७३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पाइस तयार झालं तेव्हापासूनची ही खोड आहे.

रावेर_कपाशी_केळी

मला एवढं गणित समजत नाही पण एक विचारतो, मास्तर रागावू नका. लिनिअरमध्ये स्पीड अगदी लोण्यासारखा कमी-जास्त होतो असं भाऊ सांगतोय, मग मोठं अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक लावलं की झालं, कशाला ५५५ अन् डायोड अन् काय काय. जेवढे पार्ट जास्त तेवढं शेतात बिघडायचं जास्त. अन् दुसरं, स्पीड फार कमी केला की नोझलला प्रेशर मिळत नाही, धुकं पडायचं सोडून थेंब पडतात, पानावर थांबत नाहीत, खाली गळतात. तेव्हा निम्म्याच्या खाली जायची गरजच नाही, हे सांगायचं होतं.

मास्तर_धुळे

रागावण्यासारखं काहीच नाही, नोझलचा मुद्दा मला माहीतच नव्हता अन् तो फार कामाचा आहे, कारण निम्म्यापासून पुढेच वापरायचं म्हणजे लिनिअरचा माथाही नेमका आपल्या वापरात येतो.

हीटसिंकचं उत्तर आपल्या उन्हात आहे. ९ वॅट घालवायचे आहेत, ट्रान्झिस्टरच्या आतलं तापमान १२५ च्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवू. डेटाशीट अन् पुस्तकं २५ डिग्रीची हवा धरतात. १०० डिग्रीची जागा, भागिले ९, म्हणजे वॅटला ११ डिग्री चालतील, त्यातले केसचे दीड अन् अभ्रक-पेस्टचे अर्धा वजा केले की हीटसिंक ९ डिग्री प्रति वॅटचं, लहानसं. आता आपल्याकडचा मे घ्या, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, अन् काळ्या प्लास्टिकच्या बंद डब्यात, टाकीखाली, ५५ तर सहज. उरली ७० ची जागा, भागिले ९, पावणेआठ, वजा दोन, म्हणजे ५.८ चं हीटसिंक लागेल अन् ते डब्याच्या बाहेर हवेत पाहिजे, पाठीला टेकलं तर फवारणाऱ्याला भाजेल. मॉस्फेटला हीटसिंकशिवाय वॅटला ६२ डिग्री चढतात, तरी नीट चालवला तर पाव वॅटही जळत नाही, म्हणजे फार तर पंधराएक डिग्री चढेल. पार्ट वाढले हे खरं, पण लिनिअरमध्ये एक पार्ट सतत मरणाच्या दारात उभा असतो.

अन् हीटसिंकने ट्रान्झिस्टर वाचेल, बॅटरी नाही वाचणार. जळालेले ९ वॅट बॅटरीतूनच गेलेत.

भुसावळ_लोकोशेड

मास्तरांचं सगळं मान्य पण मोटर म्हणजे ४ ओहमची रेझिस्टन्स नाही हो, हे कोणीतरी म्हणायलाच पाहिजे, आमचं आयुष्य मोटरीत गेलं. मुंबईच्या जुन्या १५०० व्होल्ट डीसी लोकल आठवा, गाडी सुरू होताना मोटरींच्या आधी रेझिस्टन्सच्या बँका असायच्या, त्या एकेक करून काढत जायच्या, प्रत्येक स्टेशनातून निघताना तेवढी वीज उष्णता होऊन वाऱ्यावर जायची. तुझा २एन३०५५ तेच काम करतोय, फक्त रेझिस्टन्सच्या जागी ट्रान्झिस्टर. पुढे चॉपर (करंट पटापट चालू-बंद करणारे) आले, मग आता थ्री-फेज इंजिनात इन्व्हर्टर, सगळी स्विचिंगचीच घराणी.

मोटरला चालू असताना स्वतःचं उलटं व्होल्टेज असतं अन् तिच्यात कॉइल आहे. कॉइल करंटला एकदम बंद होऊ देत नाही. मॉस्फेट बंद झाला की करंट डायोडमधून गोल फिरत राहतो, म्हणजे मोटरला जवळजवळ सलग करंट मिळतो पण बॅटरीतून फक्त मॉस्फेट चालू असतो तेवढाच वेळ जातो. ही गंमत रेझिस्टन्सच्या मॉडेलमध्ये दिसणारच नाही. निम्म्या ड्युटीला मोटरमध्ये दीड अ‍ॅम्पियर वाहतोय तर बॅटरी सरासरी पाऊणच देतेय. लिनिअरमध्ये मोटरला दीड म्हणजे बॅटरीतूनही दीडच. ८ एएचला दीडने भाग, सव्वापाच तास, पाऊणने भाग, साडेदहा. लेड अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण उतरवायची नसते म्हणून प्रत्यक्षात दोन्ही कमी भरतील, पण दुपटीचा फरक राहील. तुझी बॅटरी लिनिअरला का टिकली नाही ते इथे आहे.

मोटर जाम धरून तिचा रेझिस्टन्स मोज, मग सिम्युलेशनमध्ये तेवढी रेझिस्टन्स, एक कॉइल अन् उलटं व्होल्टेज म्हणून एक डीसी सोर्स, तिन्ही एकापाठोपाठ लाव. एवढ्यावर काम भागतं. फक्त सुरू होतानाचा झटका त्यात दिसणार नाही कारण तेव्हा उलटं व्होल्टेज शून्य असतं, तो बघायचा तर सोर्स शून्य करून एकदा चालव, करंट बघून घाबरशील.

पण लिनिअरला अगदी वाईट म्हणू नका. ऑडिओला, सेन्सरला, जिथे आवाज नको अन् करंट थोडा, तिथे लिनिअरसारखं शांत काही नाही. १२ व्होल्टातून ५ व्होल्ट काढून ३० मिलिअ‍ॅम्पियरचा मायक्रोकंट्रोलर चालवायचा तर ७८०५ ची लिनिअर रेग्युलेटर आयसी लाव अन् विसर, ०.२१ वॅट जळतात, कोणाला पडलीय. फवारताना खिशात रेडिओ ठेवणारे आहेत, मिडीयम वेव्हवर पीडब्ल्यूएमची घरघर ऐकू येईल त्यांना. बॅटरीपासून बोर्डापर्यंतच्या वायरी आखूड ठेव, एकमेकींना पीळ दे, बोर्डाजवळच ४७० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लाव.

केळीवाला_चोपडा

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दीडपर्यंत बसलो होतो यावर. सगळ्यांनी सांगितलं तसं केलं अन् जे दिसलं ते लिहितो.

मोटर जाम धरून मोजली, ०.८ ओहम आली. ६ व्होल्टवर दीड अ‍ॅम्पियर घेते म्हणजे १.२ व्होल्ट रेझिस्टन्समध्ये अन् ४.८ उलटं व्होल्टेज. कॉइल १ मिलिहेन्री धरली, मोजायला एलसीआर मीटर नव्हता. मॉस्फेटचं कंपनीचं मॉडेल टाकलं, ५५५ च्या जागी साडेदहा व्होल्टची पल्स. १० के ठेवून चालवलं तर ड्रेनचं व्होल्टेज चौकोनी यायला पाहिजे ते नुसतं उतार-चढाव, खाली पोचायच्या आत परत वर, अन् मॉस्फेटमध्ये सात वॅटच्या आसपास! मास्तरांची टेकडी समोर दिसली. मग १०० ओहम केलं, ग्राफ एकदम सुरीने कापल्यासारखा चौकोनी, मॉस्फेट ०.१२ वॅट. मी तीनदा चेक केलं कारण विश्वास बसेना, एका रेझिस्टन्सने एवढा फरक.

मग एक नवीन गोष्ट दिसली, मॉस्फेटपेक्षा डायोडच जास्त तापतोय, ०.३७ वॅट. हे बरोबर आहे का?

अन् काल फ्रिक्वेन्सी पण बदलून बघितली. २० किलोहर्ट्झला मोटरचा करंट दीडच्या वरखाली थोडाच हलतो, ०.१५. १ किलोहर्ट्झला मात्र शून्यापासून तीन अ‍ॅम्पियरपर्यंत झोके घेतो. मॉस्फेटला कमी फ्रिक्वेन्सी चांगली ना, कमी वेळा टेकडी ओलांडायची? मग १ किलोहर्ट्झच ठेवू का?

खऱ्या बोर्डावर पण १०० ओहम अन् १एन५८२२ लावला (दादा बरोबर होते, १एन४००७ च होता). अर्धा तास चालवला, मॉस्फेटवर बोट ठेवून बसलो, कोमट. बाबांनी पण हात लावून बघितला.

मास्तर_धुळे

डायोडचं बरोबर आहे. शॉटकीवर साधारण अर्धा व्होल्ट पडतो, दीड अ‍ॅम्पियर, अर्धा वेळ, ०.३७ वॅट. मॉस्फेटवर चालू असताना पडतात अवघे २६ मिलिव्होल्ट. डायोडच्या जागी दुसरा मॉस्फेट लावून हे पण वाचवतात पण त्याला दोन्ही एकदम चालू होऊ नयेत म्हणून जपावं लागतं, तुमच्या पंपाला त्याची गरज नाही. डायोडचे पाय आखूड ठेवून सोल्डर करा, पायांतूनच उष्णता बोर्डात निघते.

फ्रिक्वेन्सीचं, तुम्ही मॉस्फेटच्या बाजूने विचार केलात तो बरोबर, पण मोटरच्या बाजूनेही करा. सरासरी दीडच आहे पण करंट शून्य ते तीन झोके घेतो तेव्हा वर्गाची सरासरी २.२५ वरून ३ वर जाते, म्हणजे मोटरच्या ०.८ ओहमात १.८ ऐवजी २.४ वॅट. मॉस्फेटमध्ये ०.१ वाचवलं अन् मोटरमध्ये ०.६ घालवलं, शिवाय १ किलोहर्ट्झची शिट्टी दिवसभर कानाशी. परत तीच गोष्ट, सरासरी बघून फसायचं नाही. मात्र तुमची कॉइल अंदाजाने धरलीय, ती निम्मी निघाली तर झोके दुप्पट होतील, म्हणून सिम्युलेशनमध्ये अर्धी अन् दुप्पट टाकून दोन्ही बघा, स्टेपची कमांड आहे त्यासाठी. १० ते २० किलोहर्ट्झमध्ये कुठेही ठेवा, चालेल.

रावेर_कपाशी_केळी

मास्तर मी वरचं परत दोनदा वाचलं, टेकडीचं समजलं. आमच्या जुन्या पंख्याचा रेग्युलेटर पण असाच तापायचा, डब्बा एवढा मोठा, हात लावला तर गरम, अन् आता नवीन येतात ते थंडच असतात. ते पण हेच का?

मास्तर_धुळे

जवळचं आहे. जुन्यात रेझिस्टन्स होती, ती व्होल्टेज जाळून पंखा हळू करायची, म्हणजे लिनिअरचीच बहीण. नवीन दोन प्रकारचे, एकात ट्रायॅक असतो तो प्रत्येक अर्ध्या लाटेतला काही भाग कापतो, ते स्विचिंग, पंखा थोडा गुणगुणतो. दुसऱ्यात कपॅसिटर असतात, ते स्विचिंग नाही, पण कपॅसिटर व्होल्टेज अडवतो अन् जाळत नाही म्हणून थंड.

जुना_रिपेअरवाला_जळगाव

चोपडावाल्या भो, बोर्ड चालला हे वाचून खरंच आनंद झाला. आता शेवटचं काम कर, नाहीतर पहिल्या पावसात परत तिथेच येशील. सोल्डरिंगची बाजू नीट धू, वाळव, मग वरून पीसीबीची लॅकर मार दोन हात, एक नाही दोन. व्हॉल्यूमच्या दांड्याजवळूनच पाणी आत जातं, तिथे रबरी वायसर टाक. गेट अन् सोर्सच्या मध्ये १० के लाव, हो तीच काढलेली, तिची जागा तिथे आहे, ५५५ ची वायर तुटली तरी गेट खाली बांधलेला राहतो अन् मोटर आपोआप फुल सुटत नाही. बॅटरीच्या प्लसला ५ अ‍ॅम्पियरचा फ्यूज. मोटर जाम झाली तर १२ भागिले ०.८, पंधरा अ‍ॅम्पियर ओढेल, वायर वितळायच्या आत तो गेला पाहिजे. सुरू होताना पण क्षणभर तेवढाच ओढते म्हणून स्लो ब्लो (क्षणभराच्या झटक्याने न उडणारा) घे, नाहीतर रोज फ्यूज बदलत बसशील.

केळीवाला_चोपडा

दादा, लॅकर अन् वायसर उद्या चोपड्यात बघतो, नाही मिळाली तर जळगावला यायचंच आहे शनिवारी. फ्यूज अन् गेट-सोर्सची १० के आत्ताच लावली. कॉइल अर्धी अन् दुप्पट टाकून पण चालवलं, २० किलोहर्ट्झला तिन्हीत करंट शांत आहे, म्हणून तीच ठेवली. व्हॉल्यूमला खाली पण एक रेझिस्टन्स टाकली म्हणजे ड्युटी निम्म्याच्या खाली जातच नाही, रावेरच्या काकांनी सांगितलेल्या नोझलसाठी. रविवारी बाबा पहिल्या चार ओळी फवारणार आहेत, बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघतो अन् इथेच लिहितो.